अस्तर धरलं का?

आमचे शेजारी मारोतीकाका रोज सकाळी दारापुढच्या खाटेवर कुशीवर पडतात आणि डावा खुबा उन्हाला दाखवतात. आल्यागेल्यानं विचारायचंच, "काका, धरलं का?" काका खुब्यावर नखानं टकटक करणार. "अजून ओलं हाय."

काका म्हणजे पांढरकवड्याचे जुने पेंटर. हयात ट्रक रंगवण्यात गेली. मागल्या हिवाळ्यात शिडीवरून पडले, खुबा मोडला. यवतमाळला टायटॅनियमचा नवा बसवला. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी नीट समजावलं, की त्याच्यावर खरखरीत लेप असतो, हाडात असतं तसल्याच खनिजाचा; हाड हळूहळू त्याच्यात वाढतं आणि सांधा घट्ट धरतं. काकांनी त्यातलं एकच उचललं, लेप!

"म्हणजे अस्तर, गुरुजी! चिकन्या पत्र्यावर रंग टिकत नाही, अस्तर लागते. आन् अस्तर वाळाले ऊन पाह्यजे."

"अहो, ते आत हाडात आहे!"

"मंग? ऊन आत जात नाही काय?"

मी कपाळाला हात लावला. आभाळ आलं की हा माणूस नुसता कावराबावरा. माझी बायको मालिशला तेल घेऊन गेली तर तिच्यावरच खवळले, "तेलावर अस्तर धरते काय वं?"

एवढी घाई कशाला, म्हटलं तर उत्तर ठरलेलं. "मले ट्रकमागं उकिडवं बसाचं हाय. बस."

तपासणीला मीच घेऊन गेलो. डॉक्टर एक्सरे पाहून खूश. "काका, हाडानं मस्त धरलंय!"

"मंग बसू ना आता उकिडवं?"

"ते मात्र आता कधीच नाही."

परतताना काका खुब्यावर नुसती टकटक करत बसले. मी वैतागलो. "चालता येतंय ना? आणखी काय पाहिजे?"

"सिंधूची टपरी आठवते तुम्हाले?"

न आठवायला काय झालं! हायवेला सिंधुकाकूंची, म्हणजे काकांच्या बायकोची, चहाची टपरी होती. आल्याचा तसला चहा पुन्हा कुठं मिळाला नाही. संध्याकाळी काका आले की काकू सांगायच्या, "आज तुमचे दोन ट्रक गेले. एक हैदराबादकडं." यांना कसं कळतं, याचं मला नवल वाटायचं.

"ट्रकवर मालक आपल्या मर्जीचं चित्र काढून घेते," काका म्हणाले. "म्हून मी मागं, खाली बंपरच्या कोपऱ्यात एक शेवंती काढत गेलो. कोणाले दिसत नाही. तिले दिसे. ती गेली, तरी एक गाडी बिनशेवंतीची सोडली नाही, गुरुजी. आता सोडू काय?"

मी उगाच समोरच्या ट्रॅक्टरवर हॉर्न वाजवत बसलो.

दुसऱ्या दिवशी काकांच्या ओळखीच्या ड्रायव्हरला गाठलं आणि त्याचा नवा ट्रक गाड्या धुवायच्या रॅम्पवर चढवायला लावला. मागचा बंपर बरोबर काकांच्या छातीशी आला. काकांनी माझ्याकडं पाहिलं, काठी माझ्या हातात दिली आणि उभ्यानं शेवंती काढली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तसे ओरडले, "थांब बे! वाळू दे!"

वाळल्यावर ट्रक हायवेला लागला. पलीकडं टपरीच्या जागी आता नुसतं गवत आहे. काका तिकडं बघत हळूच म्हणाले, "सिंधू, आपला एक गेला वं. हैदराबादकडं."