साबुदाण्याची खिचडी दोषी ठरल्याबाबत

आजारी माणूस चौकशीला आलेल्याला सगळं खरं सांगतो. अट एवढीच, की त्या वेळी घरचं कोणी खोलीत नसावं.

आमच्या सीवूड्सच्या सागरसुमन सोसायटीत या सिद्धांताची यंदा शास्त्रशुद्ध चाचणी झाली. दुसऱ्या श्रावणी सोमवारी क्लबहाउसमध्ये सामूहिक फराळ होता. मंगळवार उजाडला तो एकतीस सभासदांच्या उलट्या-जुलाबांनी. (बी विंगची पाण्याची टाकी सकाळी नऊला रिकामी झाली. साथ जाहीर करायला आमच्याकडे हा मापदंड मान्य आहे.)

फराळ नावड्याच्या गोजरामावशींचा होता. मावशींनी दोन वर्षं हेलपाटे घालून स्वयंपाकाचा परवाना मिळवला होता. अहवालात खिचडीचं नाव आलं तर तो परवाना जाणार, हे त्यांना माहीत होतं. आम्हालाही होतं.

आरोग्य खात्यातून सुगत साहेब आले. तरुण, नम्र, हातात छापील तक्ता. कोण आजारी, कोण धडधाकट, कोणी काय खाल्लं. प्रत्येक घरात ते म्हणत, "टेन्शन घेऊ नका, ही काय पोलिस केस नाय. तीन दिवसांत काय खाल्लं तेवढं सांगा." रुग्ण आधी आईकडे बघे, मग बायकोकडे, मग देव्हाऱ्याकडे, आणि सांगे, "खिचडी."

आकडे पुढीलप्रमाणे: आजारी एकतीस. खिचडी खाल्लेले एकतीस. प्रत्येकी सरासरी दोन बशा. (ए विंगच्या विपुलरावांनी चार सांगितल्या. त्यांच्या सासूबाई समोरच बसल्या होत्या.) इतका स्वच्छ पुरावा साहेबांनी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता. तिथेच त्यांना शंका आली.

त्यांनी गोजरामावशींना बोलावून घेतलं.

"सायेब, माजी खिचरी खाल्ली कोनी?" मावशी भडकल्याच. "अर्दा टोप परत नेला मी. घरान आमी दोन दिस तीच खाल्ली. आमाला काय झाला?"

साहेबांनी तक्ता पुन्हा मांडला. क्लबहाउसमध्ये बसून खिचडी खाताना ज्यांना सगळ्यांनी पाहिलं, ते चोवीस जण ठणठणीत होते. ज्यांना तिथे कोणीच पाहिलं नाही, ते एकतीस आडवे. शास्त्राला यातून एकच निष्कर्ष काढता येतो: खिचडी न खाल्ल्याने बाधा होते.

शेवटी वॉचमन सीताराम बोलले. सोमवारी दुपारी तळघरातल्या पार्किंगमध्ये एकतीस सभासद आपापल्या गाड्यांत काचा लावून बसले होते आणि एकही गाडी जागची हलली नाही. त्याआधी गेटवर एकतीस चिकन शोरमा आले होते. (एकत्र मागवले की स्वस्त पडतात. डिलिव्हरीवाल्याच्या पिशवीत मात्र ते अडीच तास होते.)

पण तिऱ्हाइताने पाहिलेलं तक्त्यात बसत नाही, रुग्णाने स्वतः सांगावं लागतं. साहेबांनी हात जोडले. "एकानं तरी लिहून द्या ना. फक्त एकानं. मावशींचं किचन वाचेल." वर नाव लिहायची गरज नाही, असं सांगून त्यांनी ऑफिसात बंद पेटी ठेवली.

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला कधी नऊच्या वर माणसं जमत नाहीत. पेटीत एकतीसच्या एकतीस चिठ्ठ्या पडल्या. सगळ्यांवर खिचडी. एकीवर तर खाली शेराही होता: 'साबुदाणा जरा कच्चा वाटला.'

तो शेरा माझा. मी सोसायटीचा सचिव आहे. कागद परिपूर्ण असावा एवढंच मी बघतो.

मावशींचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. क्लबहाउसमध्ये राहिलेली भांडी न्यायला त्या आल्या, तेव्हा मी लिफ्टमधून बाहेरच पडलो नाही, वर-खाली करत राहिलो. मला लाज वाटली. खरंच वाटली. संध्याकाळपर्यंत वाटत होती.

माझ्या जागी तुम्ही असता तर खरं तेच लिहिलं असतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. घरात सगळे आहेत ना? मग गेल्या उपवासाला बाहेर काय खाल्लंत, ते आत्ता जरा मोठ्याने सांगा. मी थांबतो.