मरताना काय बोलना?

आमच्या पलसाण्याच्या, साड्या छापणाऱ्या प्रिंटिंग मिलमध्ये कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम अचानक बंद पडला, की निंबाआप्पा आधी चपला काढत. मग मान खाली घालून विचारत, ‘‘मरताना काय बोलना?’’

आप्पा राहायला लिंबायतला, मूळचे अमळनेरकडचे. घरातली अहिराणी ऑफिसातही बिनदिक्कत बोलत. हे गृहस्थ आमचे कॉम्प्युटर इनचार्ज! मासिकाबरोबर आलेल्या सीडीतलं, कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स त्यांनी सगळ्या मशीनवर चढवलं होतं. आमच्या गुजराती शेठनी त्याचा एकच गुण ओळखला होता : ‘‘मफत छे ने?’’

प्रोग्रॅम पडला की मशीन बंद करून चालू करावं, ही जगाची रीत. आप्पा मात्र पंचनामा झाल्याशिवाय प्रेत हलवू देत नसत.

मी साड्यांच्या किनारी काढायचो. त्या दिवशी संध्याकाळी मोराची किनार व्यापाऱ्यांना दाखवायची होती; नाहीतर शेठ मला परत उधन्याच्या लूमवर धाडणार होते. आणि माझा चित्रांचा प्रोग्रॅम, सेव्ह म्हटलं की गायब!

आप्पा आले. चपला निघाल्या. प्रश्न आला.

‘‘काही नाही बोलला, आप्पा. गेला.’’

‘‘आसं नही व्हत, भो. तू पडदावरना बारीक चित्रावर टिचकी मारीसन त्याले उघडस, म्हनीसन तो मुकाट मरस. काळी खिडकीतून चालव. मंग बोलीसन मरी.’’

काळी खिडकी म्हणजे नुसती अक्षरं उमटणारा चौकोन. तिथे प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं, सेव्ह केलं. तो मेला, पण या वेळी मागे एक ओळ ठेवून गेला. डिस्कवर जागा उरली नव्हती. माझ्याच जुन्या, नापास मोरांनी ती भरली होती. ते उडवले, किनार सेव्ह झाली, माझी नोकरी राहिली.

मला चेव आला. ‘‘आप्पा, मेलेल्याच्या शेवटच्या शब्दांचं तुम्हाला भारीच कौतुक!’’

आप्पा चपला शोधत होते. ‘‘मनी बायको गयी, तवय मी आठेच मिलमा व्हतू, ड्यूटीवर. दवाखानामा तिनापाशी कोनीच नव्हतं. नर्स म्हने, शांत गयी.’’ त्यांनी एक चप्पल पायात घातली. ‘‘ती जलमभर कधी शांत बसनी नही, भो. काहीतरी बोलनीच व्हई.’’

मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी चित्रावर टिचकी मारणं सोडलं, सगळं काळ्या खिडकीतूनच चालवू लागलो. प्रोग्रॅम पडला, की आप्पांनी चपला काढायच्या आत त्याची शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवायचो.