साहेबाचं तुणतुणं

उंदरानं तुणतुण्याचं कातडं कुरतडलं, ते नेमकं येरमाळ्याच्या यात्रेच्या तोंडावर. सारजाबाईंनी डोक्याला हात लावला. हिवाळ्यात त्यांचा गळा असा बसला होता, की महिनाभर शब्द फुटला नव्हता. "आवाज दे, आमराईत तुझ्या पालखीपुढं गाईन," असं त्या येरमाळ्याच्या येडाई देवीला बोलून बसल्या होत्या. आवाज आला, पण कच्चा. शेजारी सूर वाजत असला तरच तो जागेवर राही. नाहीतर गाणं एका गावाला निघायचं आणि भलत्याच गावाला उतरायचं.

शेजारच्या चहावाल्या रसूलला हे कळलं. निजामाचं राज्य जायच्या आधी तो सिकंदराबादेत एका गोऱ्या साहेबाकडे चाकरीला होता. विलायतेला जाताना साहेबानं त्याला एक चिमुकलं वाद्य दिलं होतं. त्याचं नाव युकुलेले. पण ते गावात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला 'साहेबाचं तुणतुणं' म्हणत. रसूलनं ते माळ्यावरून काढून आणलं.

"घ्या अक्का. चार तारांचं हाय."

"आन तारा कुठं हायती?"

"तारा सोडून समदं हाय."

"पोटाला चीर बी हाय," त्याची बायको चाँदबी म्हणाली. "दोन डाव चुलीत घालाया काढलं म्या. दोन्ही डाव नेमके पाव्हणे आले."

रसूलनं चिंचोक्याची खळ शिजवून चीर बुजवली, वरून सुतळी आवळली आणि उन्हात ठेवलं. मग जुन्या तुणतुण्याची तार त्यावर चढवली. तार छेडली, तर बाटलीत माशी अडकावी तसा आवाज.

"देवीला माश्या ऐकवू व्हय?" सारजाबाई म्हणाल्या.

रसूल कान लावून बसला. तार खाली लाकडाला घासत होती. त्यानं बांबूची कामटी तासून तारेखाली सारली. माशी गेली, तर खुंटी फिरायला लागली. खुंटीला खडू चोळला. हॉटेलात गिऱ्हाइकं ओरडत होती, चहाचा काढा झाला होता, पण रसूल हलला नाही. अखेर वाद्य 'टुंग' म्हणालं. सारजाबाईंनी त्या टुंगात आपला आवाज मिसळला आणि तो मिसळलेलाच राहिला. त्यांचे डोळे भरून आले.

"रसूलभाऊ, लई उपकार झाले."

"आदी आमराईत वाजू द्या अक्का. उपकार मागनं."

पालखी निघाली त्या सकाळी सारजाबाईंनी वाद्याला हळदकुंकू लावलं आणि लुगड्याच्या काठाच्या चिंधीनं ते पाठीवर बांधलं. वाटेत काळ्या रानात पालखीबरोबरचे लोक चुनखडीचे पांढरे खडे वेचतात आणि देवीच्या नावानं ढिगावर वाहतात. सारजाबाईही वाकल्या. मागच्या बाईला समोर हळदकुंकू लावलेलं काहीतरी दिसलं, त्याला गोल तोंड दिसलं. देवीची नव्या तऱ्हेची परडी असावी, असं समजून तिनं आत एक खडा टाकला आणि हात जोडले. एकीनं टाकला म्हटल्यावर दुसरीनंही टाकला. त्या गर्दीत सारजाबाईंना पत्ता लागला नाही.

आमराईत सारजाबाईंचा गाणाऱ्या बायांचा मेळा उभा राहिला. सारजाबाईंनी वाद्य पुढं घेऊन तार छेडली.

खुळखुळ.

रसूल आपलं काम ऐकायला मुद्दाम हॉटेल बंद करून आला होता. त्याचा चेहरा उतरला. "खळ सुटली जणू," म्हणून त्यानं चीर दाबली. खुळखुळ. खुंटी पिळली. खुळखुळ. कामटी सरकवली, वाद्य कानाशी धरून हलवलं, आणि आत एक डोळा लावला.

"अक्का, ह्याच्यात चुन्याचे खडे हायती!"

"काडा की मग!"

त्यानं ते उलटं केलं, तशी मेळ्यातली दगडाबाई कडाडली, "ओ रसूलभाई! देवीचा चुना पायाखाली पाडताव का? सुदं करा!"

रसूलनं घाबरून ते सुदं केलं. तेवढ्यात पुकारा झाला, "सारजाबाईचा मेळा, म्होरं या!"

सारजाबाई पुढं झाल्या. "येडाई, तूच आवाज दिलास, आता तूच सांभाळ," एवढं पुटपुटून त्यांनी वाद्य हलवलं आणि डोळे मिटून गायला सुरुवात केली. सूर नव्हता, पण खुळखुळ होती. बायांनी त्या खुळखुळीवर टाळी धरली, आणि गाणं ज्या गावाला निघालं होतं त्याच गावाला जाऊन पोचलं. माणसं उठेनात. "आजून एक म्हणा!" असा गलका झाला. सारजाबाईंनी आणखी म्हटलं, आणि बोललेलं फेडून वर आनंदानं उरेल इतकं म्हटलं.

गाणं संपल्यावर त्या रसूलच्या पाया पडायला वाकल्या. तो दोन पावलं मागं सरला. "माजी लाज काडू नका अक्का! थांबा, ह्याला ठीक करून देतो." त्यानं एकाला धोतर पसरायला लावून खडा न खडा बाहेर काढला, सगळे मानानं ढिगावर वाहून आला, आणि तार जुळवली. टुंग! असा गोड, की रसूल स्वतःवरच खूष झाला.

सारजाबाईंनी ऐकून घेतलं. "लई ग्वाड वाजतंय."

"मग?"

"भाऊ, सांच्याला आमाला परत गायाला बोलीवलंय," त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या. "समदे म्हंतात, सकाळवानीच वाजवा."

दुपारच्या उन्हात रसूल काळ्या रानात ओणवा झाला होता. खडा उचलायचा, वाद्यात टाकायचा, हलवून ऐकायचा, नाक मुरडून परत काढायचा. पाण्याची घागर घेऊन चाललेली दगडाबाई थांबली.

"काय हारपलं वो, रसूलभाई?"

"हारपलं न्हाय," रसूल मान वर न करता म्हणाला. "सकाळचा बिगाड हुडकतोय. तसाच पायजे, अक्काला दुसरा चालत न्हाय."