अहिरे मॅडमचं कुर्दिस्तान

आमच्या नाशिकरोडच्या सोसायटीला दोन अध्यक्ष आहेत, एक बाई आणि एक पुरुष. एकाच्या सहीनं भागत नाही. ही करामत तिसऱ्या मजल्यावरच्या अहिरे मॅडमची. भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि बाकी सगळी पृथ्वी सोडून त्यांनी मनानं उत्तर सीरियात मुक्काम ठोकला. तिथले कुर्द लोक गल्लीगल्लीत सभा भरवून आपला कारभार आपणच पाहतात, प्रत्येक पदावर बाई-पुरुष जोडीनं असतात, हे त्यांनी पाण्याच्या टाकीसाठी बोलावलेल्या मीटिंगमध्ये सांगितलं. टाकी राहिली बाजूला.

"पण त्यांच्या पुढाऱ्यानं तुरुंगात एका अमेरिकन माणसाची पुस्तकं वाचून हे काढलं ना?" देशपांडेकाकांनी खोडा घातला. "म्हणजे माल पश्चिमेचाच!"

"विरजण शेजारणीकडून आणलं म्हणून दही तिचं होतं का? दूध आपलंच लागतं, काका!" मॅडम म्हणाल्या.

दोन अध्यक्षांचा ठराव मंजूर. मॅडम फार खूश झाल्या की त्यांची माहेरची, सटाण्याकडची बोली बाहेर पडते. "भारी शे!"

गेल्या महिन्यात कळलं, निफाडजवळच्या एका द्राक्षबागेत काम शिकायला आलेली लेना नावाची जर्मन मुलगी तिकडे सीरियात, कुर्दांमध्ये काही महिने राहून आली आहे. मॅडमनी मला तिथल्या तिथं स्कूटर काढायला लावली. वाटभर मागून प्रश्नांची तालीम. "हळू चालव रे! नको, जोरात चालव!"

पोचताच त्यांनी लेनाचे दोन्ही हात धरले. मी दुभाष्या. सभेला नवरे उशिरा आले तर? चहा कोण करतं? तुमच्यासारखे गोरे तिथं जाऊन शहाणपण शिकवतात का?

लेना हसली. "मी शिकवायला गेले होते, शिकून आले."

"भारी शे!"

मग मॅडमचा आवाज एकदम उतरला. "तिला विचार, तिकडे बायकांनी मिळून वसवलेलं एक गाव आहे म्हणे. तिथं माझ्या वयाची चालेल का?"

 मी विचारलं.

"चालेल," लेना गंभीरपणे म्हणाली. "पण सगळ्यांसाठी रोट्या भाजाव्या लागतील."

"भाजेन की!" मॅडम घाईघाईनं म्हणाल्या. "इथं एका भाकरीसाठी तवा तापवणं जिवावर येतं."

परतताना मागून एकही प्रश्न आला नाही. फाटकाशी स्कूटर लावत मी म्हटलं, "मॅडम, आज जेवायला आमच्याकडे या."

"किती जण आहात?"

"पाच."

"मग भाकऱ्या मी करणार," असं म्हणत, पदर खोचून त्या माझ्याआधी जिना चढायलाही लागल्या.