जागा झाली, सीट नाही

ज्ञानतुंगा प्राथमिक शाळेच्या फाटकातून आत शिरताच राजलक्ष्मीला घणाचे आवाज ऐकू आले आणि तिला वाटलं, संयूचं नशीब उघडलं. आत खरोखरच एक भिंत पाडणं चाललं होतं. शाळेत 'विशेष मुलांची खोली' म्हणून एक बारा बाय दहाची खोली होती. तिची आणि शेजारच्या अडगळीच्या खोलीची मधली भिंत दोन गडी मिळून खाली आणत होते. धुळीत उभी राहून राजलक्ष्मीनं ते पोटभर बघून घेतलं. टपाल कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा काढून ती आली होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच शाळा नावाच्या वस्तूचा तिला राग येत नव्हता.

तोवर मात्र भरपूर आलेला होता. तिची संयोगिता, म्हणजे संयू, सात वर्षांची. आठ शाळांनी तिला आठ गोड शब्दांत नाही म्हटलं होतं. पोरीचा गुन्हा एकच, तिचं उत्तर उशिरा येतं. विचारलेला प्रश्न तिच्या आत कुठंतरी लांब जातो आणि पाच-सात मिनिटांनी उत्तर घेऊन परत येतो. उत्तर बरोबर असतं, पण तोवर विचारणारा चार प्रश्न पुढे गेलेला असतो. सर्जापूर रोडवरच्या एका चकचकीत शाळेत मॅडमनी विचारलं, "नाव काय?" संयू गप्प. "हा रंग कोणता?" गप्प. "गाईला पाय किती?" तेव्हा संयू म्हणाली, "संयोगिता." मॅडमनी कागदावर लिहिलं, 'गाय ओळखत नाही.' त्या मॅडमच्या डोक्यामागे भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रत्येक मूल आमचं'.

ज्ञानतुंगा ही आपल्या लोकांची शाळा. बेंगळुरात साडेतीनशे वर्षं मुरलेल्या मराठी घरांनी मंडळ काढून चालवलेली. तिथं अशा मुलांसाठी सहा जागा होत्या आणि सहाही भरलेल्या. दोन वर्षं "जागा नाही" हेच ऐकून राजलक्ष्मीनं शेवटी मंडळाच्या वार्षिक सभेत उभं राहून असा आवाज लावला की अध्यक्ष खंडोजीरावांच्या हातातला कॉफीचा पेला हिंदकळला. घाबरून कमिटीनं ठराव केला, 'विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या जागा दुप्पट करण्यात याव्यात.' ठराव अर्थातच मराठीत. घरात निम्मं कन्नड बोलणाऱ्या खंडोजीरावांचा मराठी बाणा वर्षातून एकदा, ठरावाच्या वहीत, असा उफाळून येत असे.

ती वही गेली शाळेच्या क्लार्ककडे, हयवदनकडे. हयवदन कन्नड माणूस. हिंदी शिकल्यामुळे अक्षरं वाचता येत, मराठी येत नसे. पण या ठरावात त्याला काहीच अडलं नाही. 'जागा' म्हणजे कन्नडातलं 'जाग', मोकळी जागा. 'दुप्पट' म्हणजे 'दुप्पट्टू'. दोन्ही शब्द घरचेच निघाल्यावर विचारायचं कशाला? त्यानं टेप घेऊन खोली मोजली आणि गवंडी बोलावला.

हे राजलक्ष्मीला काहीच माहीत नव्हतं. पदरानं तोंडावरची धूळ पुसत ती मुख्याध्यापिका श्रीविद्या मॅडमच्या खोलीत गेली आणि कन्नडात म्हणाली, "मॅडम, जागा झाली ना?"

"झाली की अक्का! डबल झाली. काय हवा येते म्हणून सांगू!"

"मग संयूचा पडून असलेला अर्ज काढा."

"सीट नाही."

"आत्ता तर म्हणालात, जागा झाली!"

"जागा झाली. सीट कुठं झाली? मुलं सहाच आहेत. आता ती ऐसपैस बसतील."

राजलक्ष्मी तिथंच खुर्चीवर बसली. बाहेर आणखी दोन विटा पडल्या.

खंडोजीरावांना हा घोटाळा कळला तेव्हा भिंत संपली होती आणि आतून गिलावाही झाला होता. "हे काय करून ठेवलंस?" ते हयवदनवर ओरडले. हयवदननं शांतपणे वही पुढे केली. "ठरावात आहे ते केलं, सर. खाली तुमची सही आहे." आता चूक कबूल करायची म्हणजे आपला मराठी ठराव शाळेत कुणालाच वाचता येत नाही हे कबूल करायचं. त्यापेक्षा, चूक झाली की कमिट्या जे करतात तेच खंडोजीरावांनी केलं. उद्घाटन ठरवलं.

उद्घाटनाला बोलावलं शिक्षण खात्यातल्या सुधींद्रसाहेबांना. पत्रिकेत छापलं, 'विशेष मुलांची संख्या सहावरून बारा.' पत्रिका वाटून झाल्यावर श्रीविद्या मॅडमच्या लक्षात आलं की साहेब मोजतील. आणि मग, ज्यांना दोन-दोन वर्षं दारातून परत पाठवलं होतं, त्या सहा घरांतले फोन एकाच दुपारी वाजले.

"अक्का, गुरुवारी संयूला घेऊन या!"

"घेतलं तिला?" राजलक्ष्मी काउंटरवरून उठूनच उभी राहिली. समोर पार्सल घेऊन उभा असलेला माणूस दचकला.

"घेतलं असं नाही. स्वल्प, दोन तासांसाठी. युनिफॉर्म आम्ही देतो. डाग मात्र पाडू नका हं, परत घ्यायचाय."

घरी गिरीराज, म्हणजे राजलक्ष्मीचा नवरा, ऐकून लालबुंद झाला. "आपली पोरगी काय मांडवातली खुर्ची आहे? आणली, मांडली, उचलून नेली? काय जायचं नाय!"

"जायचं," राजलक्ष्मी म्हणाली. "नाय म्हणताना लई जणांनी माझ्याकडं बघितलंय. तिच्याकडं कोण बघितलंय? साहेब एकदा बघू दे तिला."

गुरुवारी दोघं संयूला घेऊन गेली. खोली मोठी, रंगवलेली, फुग्यांनी भरलेली. दारातल्या दोन उंच पायऱ्या मात्र जशाच्या तशा. चाकाच्या खुर्चीतल्या एका मुलीला तिच्या वडलांनी खुर्चीसकट उचलून आत नेलं, तेव्हा त्याच पायरीवर फीत धरून उभे असलेले कमिटी मेंबर म्हणाले, "बाजूनं, बाजूनं, फीत चुरगळेल." खोली दुप्पट करताना दारातून कोण येणार याचा विचार करायला कुणाला सवड झाली नव्हती. अशा माणसांच्या हातात आपण शाळा देतो आणि वर त्यांना हारही घालतो.

साहेब आले. हार झाला. बारा मुलांच्या रांगेसमोरून जाताना ते संयूपाशी थांबले आणि लहान पोरीला लाडानं म्हणतात तसं कन्नडात म्हणाले, "काय पुट्टी, रोज शाळेला येतेस ना?"

संयूनं त्यांच्याकडे बघितलं. प्रश्न आत निघाला.

"येते सर! एकदाही खाडा नाही!" मॅडम मधेच म्हणाल्या.

"हजेरी बघू."

खंडोजीरावांनी घाईनं हयवदनकडे बघितलं, पण हयवदन तयारीत होता. हा माणूस इतका सरळ होता की त्याच्या हातून खोटं कामसुद्धा अर्धवट होत नसे. 'बारा मुलं दाखवायची' असं त्याला सांगितलं होतं. त्यानं सकाळीच उरलेली सहा नावं हजेरीत चढवली होती. साहेब मोबाईलवर बघतील म्हणून खात्याच्या संगणकातही जुन्या अर्जांवरून भरली होती. सहा नव्या मुलांना सहा नवे नंबरही मिळाले होते. साहेबांनी मोबाईलवर नंबर घालून बघितला, मान डोलावली आणि माईकपाशी गेले.

"या शाळेत बारा विशेष मुलं शिकतात," साहेब म्हणाले. टाळ्या. "ही मुलं इथं किती सुखात आहेत, हे आपण त्यांच्याच तोंडून..." आणि टाळीसाठी ते क्षणभर थांबले.

तेवढ्यात उत्तर आलं. खणखणीत, मराठीत.

"नाय येत. मला घेतलंच नाय. आज फोटोला बोलवलंय."

समोर बसलेल्या मंडळींपैकी निम्म्यांना मराठी कळत होतं. ते निम्मे एकाएकी छताकडे बघू लागले.

"मूल काय म्हणतंय?" साहेबांनी विचारलं.

"थँक्यू म्हणतेय, सर," खंडोजीराव म्हणाले.

"सर," मागून राजलक्ष्मीचा आवाज आला. टपालाच्या काउंटरवर वीस वर्षं कमावलेला तो आवाज, त्याला माईक लागत नसे. "थँक्यू एवढं लांब असतं का?"

आणि तिनं लेकीचं वाक्य शब्दाला शब्द कन्नडात सांगितलं. मग दोन वर्षांचं स्वतःचंही थोडं सांगितलं. गिरीराजनं तिची बाही ओढली, मग सोडली, मग तोच म्हणाला, "युनिफॉर्मचं पण सांग." तिनं युनिफॉर्मचंही सांगितलं.

साहेबांनी मुलांकडे बघितलं, मग हजेरीकडे, मग फोटोग्राफरकडे. ते मुरलेले अधिकारी होते. बारा मुलं शिकतात हे ते माईकवर बोलून बसले होते, आणि बोललेलं परत घेण्याची त्यांच्या खात्यात पद्धत नव्हती.

"नाव आहे, नंबर आहे," ते म्हणाले. "मग घेतलं नाही कसं? मुलीला कुणीतरी चुकीची माहिती दिलीय." आणि त्यांनी बारा नावांखाली सही केली. खाली उतरताना पायरीवर त्यांचा पाय अडखळला. "याला उतार करा. आणि बारा मुलांना एकच टीचर? आणखी एक नेमा. पंधरा दिवसांत कळवा."

मोटार गेली आणि खंडोजीरावांनी पगडी काढून टेबलावर ठेवली. "हयवदन, ती सहा नावं काढून टाक."

"निघत नाहीत, सर. शाळा सोडल्याचा दाखला लागतो. दाखल्याला पालकांचा अर्ज लागतो."

खंडोजीरावांचा आवाज एकदम मऊ झाला. "राजलक्ष्मी, तू आपल्यातली. एक ओळ लिहून दे बघू."

"काय लिहू, अण्णा?"

"मुलगी शाळा सोडत्ये म्हणून."

"पण शाळेत घेतलंच नाय ना तिला? न घेतलेली मुलगी शाळा सोडणार कशी?"

बाकीच्या पाच घरांकडेही खंडोजीरावांनी आळीपाळीनं कागद पुढे केला. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीच्या वडलांनी तो घेतला, त्याची नीट घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

"निदान युनिफॉर्म तरी..." श्रीविद्या मॅडम पुटपुटल्या.

"अंगावर आहे," राजलक्ष्मी म्हणाली. "उद्या पण लागेल."

उतार झाला. थोडा वाकडा झाला, पण झाला. नवी टीचर आली. संयू रोज जाऊ लागली. काहीतरी मोडेल, कुणीतरी फोन करून "चुकून झालं, परत न्या" म्हणेल, या धास्तीनं राजलक्ष्मी महिनाभर मोबाईल हातात धरूनच झोपली.

फोन नाही आला. एका संध्याकाळी संयूच्या डायरीत लाल शाईनं लिहिलेलं आलं. राजलक्ष्मीनं ते उभ्यानंच वाचलं. 'आपल्या मुलीनं तास चालू असताना शेजारच्या मुलीचा चित्रान्नाचा डबा खाल्ला. वर मीठ कमी आहे म्हणाली. पालकांनी समज द्यावी.'

"संयू!" राजलक्ष्मी कडाडली. "दुसऱ्याचा डबा खातेस? लाज नाय वाटत?"

संयू शांतपणे बूट काढत राहिली. डायरीत डोकावून गिरीराज खो खो हसायला लागला.

"हसताय काय! मुलीला लाडावून ठेवलंय तुमीच! शाळेतनं तक्रार आलीय तिची!"

आणि ती थांबली. हातातल्या लाल अक्षरांकडे तिनं पुन्हा एकदा बघितलं. मग दारापाशी गेली, दार सताड उघडलं आणि जिन्यात तिन्ही मजल्यांवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आमच्या संयूची शाळेतनं तक्रार आलीय!"