धोंडोपंतांची भरीव कामगिरी

एका जंगलात खूप झाडं होती, मुलांनो. आता जंगल म्हटल्यावर झाडं असायचीच, त्यात नवल नाही. नवल एवढंच, की त्या जंगलात झाडांसाठी एक खातं होतं. कुठलं झाड आतून धड आहे आणि कुठलं कधीतरी कुणाच्या डोक्यात पडेल, हे त्या खात्यानं ठरवायचं आणि वाघमहाराजांना कळवायचं.

या खात्यात धोंडोपंत नावाचे एक सुतारपक्षी परीक्षक होते.

ते बुंध्यावर चोच मारत. कान देत. थोडं वर सरकून पुन्हा मारत. मग पळसाच्या पानावर लिहीत, 'सदर झाड पोकळ आहे.' तसं लिहिलेलं झाड पुढे पडत असे. कधी चार महिन्यांनी, कधी चार वर्षांनी, पण पडे. अकरा वर्षांत त्यांचा कान एकदाही चुकला नव्हता.

आणि अकरा वर्षांत त्यांना एकदाही बढती मिळाली नव्हती.

पुढच्या पानगळीला ते निवृत्त होणार होते. त्याआधी 'वरिष्ठ परीक्षक' अशी पाटी आपल्या ढोलीवर लागावी, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. तशी पाटी त्याच खात्यातल्या तांबटाच्या ढोलीवर दोन वर्षांपूर्वीच लागली होती.

तांबट पक्षी तुम्ही ऐकला असेल. उन्हात कुठेतरी बसून तो टुक् टुक् टुक् असा आवाज काढतो. तो आवाज तोंडाचा असतो. झाडाला तो चोचसुद्धा लावत नाही. पण लांबून ऐकणाऱ्याला वाटतं, केवढं काम चाललंय.

"आज पुन्हा भेटला," धोंडोपंत घरी येऊन म्हणाले.

"काय म्हणाला?" मथुराबाईंनी विचारलं. या त्यांच्या पत्नी.

"'काय धोंडोपंत, अजून ठोकताय का?' म्हणाला. आणि वर खांद्यावर पंख ठेवला माझ्या! अगं, चोच कशी मारायची ते याला मी शिकवलं."

"तो कुठे मारतोय अजून? तुमचं शिकवणं वायाच गेलं म्हणायचं."

"चेष्टा सुचतेय तुला."

"रोज मला सांगून काय होणार? एकदा साहेबांना विचारा."

धोंडोपंतांनी विचारलं.

खात्याचे प्रमुख तरससाहेब होते. त्यांचा चेहरा मुळातच हसरा. त्यामुळे वाईट बातमीसुद्धा त्यांच्याकडून ऐकायला बरी वाटे.

"या, बसा. तुमचा गोपनीय अहवाल समोरच आहे," साहेब म्हणाले. "अकराही वर्षं एकच शेरा. 'कामगिरी भरीव नाही.'"

"पण साहेब, दोनशे बारा झाडं शोधून दिली मी."

"कसली?"

"पोकळ."

"बघा, तुम्हीच म्हणताय."

"झाडं पोकळ होती साहेब. काम पोकळ नव्हतं."

"धोंडोपंत, परिपत्रक काय सांगतं? 'अहवाल भरीव असावेत.' तुमच्या सगळ्या अहवालांत 'भरीव' हा शब्द शोधायला मी दोन मुंग्या बसवल्या होत्या. एकदासुद्धा सापडला नाही. 'पोकळ' मात्र पानोपानी. वरची मंडळी काय झाडं बघायला येतात? ती शब्द बघतात. आता तांबटाचं घ्या. एकेक पान भरीव!"

"तो झाडाला चोच लावत नाही, साहेब."

"म्हणूनच एकाही झाडाची त्याच्याबद्दल तक्रार नाही."

साहेब हसले. मग गंभीर झाले, पण तो फरक चेहऱ्यावर दिसला नाही.

"तुम्ही निराश दिसता," ते म्हणाले. "त्याचीही सोय खात्यानं केली आहे."

ती सोय म्हणजे सरडेगुरुजी. ते कुंपणाच्या काठीवर बसून कर्मचाऱ्यांना समाधानाचं मार्गदर्शन करत. समोरच्याच्या प्रत्येक वाक्याला ते मान वर-खाली करत. समोर कोणी नसलं तरी करत, पण हे धोंडोपंतांना माहीत नव्हतं. आपलं म्हणणं इतकं पटलेलं त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं. त्यांना भरून आलं. अकरा वर्षांचं सगळं त्यांनी सांगून टाकलं.

"झाड पोकळ आहे, असं कोण म्हणतं?" गुरुजींनी विचारलं.

"झाडच म्हणतं, गुरुजी. तसा आवाज येतो."

"आवाज झाडाचा. कान कुणाचा?"

"माझा."

"मग पोकळी कुठली?"

धोंडोपंत शिकलेले होते. न शिकलेला सुतारपक्षी 'झाडातली' म्हणाला असता आणि घरी गेला असता. धोंडोपंत मात्र विचारात पडले. दोनशे बारा झाडं पडली, हे खरं. पण ती आपण पोकळ म्हटलं म्हणून तर पडली नसतील?

"झाडं बदलत नसतात," गुरुजी म्हणाले. "कान बदला. रोज सकाळी दीर्घ श्वास घ्या आणि 'भरीव' म्हणा."

"किती वेळा?"

"ऐकू येईपर्यंत."

धोंडोपंत रोज म्हणू लागले.

पंधरा दिवसांनी तरससाहेबांनी त्यांना बोलावलं. वाघमहाराजांचा दरबार ज्या बेहड्याखाली भरे, त्या झाडाचा दाखला हवा होता. झाड जुनं होतं. खाली महाराजांची बसायची शिळा होती, आणि तिच्यासमोर हरणांची, सशांची पिल्लं गर्दी करून बसत.

"हे काम मुद्दाम तुम्हाला देतोय," साहेब म्हणाले. "अहवाल भरीव आला, की पाटी तुमची."

धोंडोपंत गेले. त्यांनी चोच मारली. ढब्.

वर सरकून मारली. ढब्. आणखी वर. ढब्. मुळापासून पहिल्या फांदीपर्यंत आत काहीच नव्हतं. एखादं अस्वल सहकुटुंब राहिलं असतं.

त्यांनी दीर्घ श्वास घेतला. 'भरीव' म्हटलं. चोच मारली. ढब्. मग अगदी हळू मारली, झाडाला कळणार नाही इतकी. तरी ढब्.

शेजारच्या झाडावरून आवाज आला, "काय धोंडोपंत, एका झाडाला किती वेळ? माझी सकाळपासून चाळीस झाली."

धोंडोपंतांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते खाली उतरले आणि त्यांनी रागारागानं महाराजांच्या शिळेवर चोच मारली.

टण्.

किती स्वच्छ आवाज! शिळा बुंध्याला टेकलेली होती. टेकलेली म्हणजे झाडाचीच, असं धरायला तशी काही हरकत नव्हती. निदान परिपत्रकात तरी नव्हती. त्यांनी पळसाचं पान काढलं आणि लिहिलं, 'सदर झाड भरीव आहे.'

"बेहडा कसा निघाला?" मथुराबाईंनी विचारलं.

"भरीव."

"काहीतरीच! परवा मी जाता जाता सहज चोच मारली, तर ढोलासारखा वाजला."

"तुझा दृष्टिकोन नकारात्मक आहे," धोंडोपंत म्हणाले. हा शब्द त्यांनी गुरुजींकडून आणला होता.

बढतीचा समारंभ त्याच बेहड्याखाली ठेवला. महाराज नेहमीप्रमाणे उशिरा येणार होते. पिल्लं पुढे बसली. तरससाहेब पाटी घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "धोंडोपंतांसारखा भरीव कर्मचारी खात्याला लाभला..." टाळ्या झाल्या.

त्या टाळ्यांत झाड कुरकुरलं.

त्या आवाजाचा अर्थ धोंडोपंतांना कळला. पाटी अजून साहेबांच्या पंजात होती. आता ओरडलं तर पिल्लं वाचतील आणि पाटी जाईल. त्यांनी चोच उघडली.

ते ओरडले असतेच, मुलांनो. त्यांच्याबद्दल वाईट मत करून घेऊ नका. फक्त त्यांना आधी खात्री करून घ्यायची होती, की पोकळी झाडातलीच आहे.

तेवढ्यात मागच्या रांगेतून मथुराबाई ओरडल्या, "पळा रे पोरांनो! पडतंय ते!"

पिल्लं पळाली. त्यांना परिपत्रक लागू नव्हतं. मोठी मंडळी, उठायचं की नाही, म्हणून एकमेकांकडे बघत राहिली. झाड पडलं. त्यात तरससाहेबांचा पाय गेला आणि आभार मानायला उभा राहिलेला कोल्हा पूर्णच गेला.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष तांबट होता. समितीनं निष्कर्ष काढला, 'झाड पडेपर्यंत भरीव होते. पोकळी ही पडण्याच्या वेळी उद्भवली.' धोंडोपंतांवर ठपका नव्हता. उलट त्यांच्या अहवालाची भाषा नमुना म्हणून सगळ्या खात्यात फिरवली गेली.

पाटी ढोलीवर लागली. तांबट आता त्यांना 'धोंडोपंतसाहेब' म्हणू लागला. इतकं शांत त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना भूक लागली.

सुतारपक्ष्याचं खाणं म्हणजे झाडातले किडे. किडे पोकळ झाडात असतात. धोंडोपंतांनी ऐनाच्या झाडावर चोच मारली. भरीव. कळंबावर मारली. भरीव. चार दिवस ते हिंडले. सगळं जंगल भरीव झालं होतं. चोच बोथट झाली आणि पोट पाठीला लागलं.

पाचव्या दिवशी ते पाटीखाली डोळे मिटून बसले होते. मथुराबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग समोरच्या सावरीवर जाऊन त्यांनी एकदाच चोच मारली, आत घातली आणि एक लठ्ठ किडा आणून त्यांच्यापुढे ठेवला.

"कुठे मिळाला?" धोंडोपंतांनी विचारलं.

"खा आधी," मथुराबाई म्हणाल्या.

त्यांनी खाल्ला. पुन्हा विचारलं नाही. मथुराबाई दुसरा आणायला गेल्या. त्या कुठल्याच खात्यात नव्हत्या, त्यामुळे त्यांना अजून ऐकू येत होतं.

तात्पर्य : नोकरीत मन रमत नसेल तर नोकरी बदलू नये, कान बदलावा. समाधान हमखास लाभतं. मात्र घरातल्या एकाला तरी नोकरीला लावू नये, म्हणजे जेवणाची आबाळ होत नाही.