हुकुमासाठी योग्य शब्द

राज्य फौजेवर चालते असे फौजेतले लोक म्हणतात. खजिन्यावर चालते असे खजिनदार म्हणतात. वस्तुतः ते हुकुमावर चालते. हुकूम निघाला नाही तर फौज बसून राहते, खजिन्याचे कुलूप तसेच राहते आणि कारकुनाला रिकामे बसण्याचे श्रम पडतात. वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडल्यापासून बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत ही गोष्ट चपराशापर्यंत सर्वांना पटलेली होती. (कचेरीचे नाव सांगत नाही. ज्या कचेरीला वाटेल तिने ते आपलेच समजावे.)

अडचण एकच होती. इंग्रजी ‘ऑर्डर’ला मराठीत काय म्हणावे, याबद्दल एकमत नव्हते. जुने मुन्शी ‘हुकूम’ लिहीत, नागपूरकडचे कारकून ‘आदेश’, आणि संस्कृत शिकून आलेले ‘आज्ञा’. तेव्हा वरून परिपत्रक आले की, एक शब्द नक्की होईपर्यंत मराठीतून कोणताही हुकूम काढू नये. (परिपत्रक इंग्रजीत असल्यामुळे निघू शकले.) कचेरीचा अभिप्राय लिहिण्याचे काम भाषांतरकार भगवंतराव यांच्याकडे आले. ते बी. ए. होते, आणि चुकीच्या शब्दाने कोणावर तरी अन्याय होतो असे ते मनापासून मानत.

त्यांनी सतरा शब्द जमवले आणि दर्जाप्रमाणे लावले. देवाची आज्ञा, बादशहाचे फर्मान, साहेबाचा हुकूम, तहसीलदाराची ताकीद, पाटलाचा सांगावा. सगळ्यांत खाली सुनेची विनंती. लोकांच्या तोंडी असलेली ‘ऑर्डर’ त्यांनी वेगळी काढली, कारण ती कुठेही जात असे. मास्तराला ऑर्डर आली की त्याची बदली झालेली असे. दुसरबीडच्या शिंप्याकडे कोटाची ऑर्डर दिली की कोट पुढच्या वर्षी मिळे. आणि सायकल बिघडली की ती ‘औटऑडर’ होई. इतक्या चंचल शब्दावर राज्य सोपवावे की नाही, याचा ते विचार करीत होते.

अशा वेळी गोजरबाईची गाय कोंडवाड्यात पडली.

शेजारच्या खेड्यातली ही बाई. तिची गाय दुसऱ्याच्या तुरीत शिरली, सरकारी कोंडवाड्यात आली. बाईने दंड भरला. आता फक्त सुटकेचा हुकूम हवा होता, आणि कोंडवाड्याचे हुकूम मराठीतूनच निघत. गाय व्यायला आली होती, आणि आत दोन मारके सांड कोंडलेले होते.

“वासरू तिथंच पडलं त सांडायच्या पायाखाली जाईन, बाबूजी,” गोजरबाई म्हणाली.

भगवंतरावांना तिची दया आली. त्यांनी सतरा शब्द पुन्हा पाहिले. गाईसाठी ‘फर्मान’ काढायचे तर दरबार भरवावा लागला असता. ‘ताकीद’ दिली तर गाईने पुन्हा तुरीत शिरू नये एवढाच अर्थ झाला असता. ‘आज्ञा’ देवांना सोडून दिलेली होती. लवकरच निर्णय होईल, असे त्यांनी बाईला सांगितले. हे गाईलाही सांगावे, असे त्यांना वाटून गेले.

कोंडवाड्याचा रखवालदार शकूर फाटकाशी उभा होता. गाय सोडायला तो कधीचा तयार होता. पण हुकुमाशिवाय जनावर सोडले म्हणून त्याच्या आधीच्या माणसाची नोकरी गेली होती. “तुम्ही कोनताबी शब्द सांगा, बाबूजी,” तो म्हणाला, “मले सारेच चालते.” अशा बेफिकिरीनेच भाषा बिघडते, असे भगवंतरावांनी मनात नोंदवले आणि ते जेवायला घरी गेले.

त्यांच्या घरात हुकूम हा प्रकारच नव्हता, याचा त्यांना अभिमान होता. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई नवऱ्याला कधी काही करायला सांगत नसत. त्या फक्त भिंतीशी बोलत. आज त्या भिंतीला म्हणाल्या, “माठात पाणी नाही राह्यलं.” भगवंतराव विहिरीवर जाऊन आले. मग त्या चुलीला म्हणाल्या, “लाकडं ओली हायेत.” भगवंतरावांनी परसातून कोरडी आणली. दोघे जेवायला बसणार, तोच मनकर्णाबाई ताकाच्या गाडग्याकडे पाहून म्हणाल्या, “कोंडवाड्यातली गाय सकाळपासून हंबरून राह्यली.”

भगवंतरावांनी पागोटे घातले आणि ते बाहेर पडले. का पडलो, हे त्यांना वाटेत आठवेना.

कोंडवाड्यापाशी गोजरबाई फाटकाचे गज धरून बसली होती. आत गाय कोपऱ्यात अंग चोरून उभी होती आणि तिचे पाय थरथरत होते. शकूरने भगवंतरावांच्या तोंडाकडे पाहिले. सतरांपैकी एकही शब्द उच्चारायची मुभा नव्हती. भगवंतरावांनी घसा साफ केला आणि फाटकाच्या खांबाला उद्देशून ते म्हणाले, “कडी लागलेली दिसत नाही.”

शकूरने पाहिले. कडी लागलेली होती. वर कुलूपही होते. त्याने कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडले आणि कडी सरकवली.

“हाव, बाबूजी,” तो म्हणाला, “नाही लागलेली.”

गाय कचेरीसमोरच्या लिंबाखाली व्याली. गोजरबाईने वासराचे तोंड पदराने पुसले आणि आभार कोणाचे मानावेत हे न कळून लिंबाला हात जोडले.

रीतसर चौकशी झाली. गाय सोडायला कोणी सांगितले? कोणीच नाही, असे शकूर म्हणाला. सतरांपैकी कोणता शब्द वापरला? एकही नाही, असे भगवंतराव म्हणाले. दोन्ही जबाब खरे असल्यामुळे चौकशी गौरवात संपली. हुकूम न काढता काम होते, हे सिद्ध झाले. हीच रीत कचेरीभर लागू झाली. आता तहसीलदार आले की छताला म्हणतात, “उकडते आहे,” आणि तिघेजण पंख्याची दोरी ओढायला धावतात. शब्द ठरवण्याचे काम मात्र अजून चालू आहे.

आपल्या या शोधाची हकीकत भगवंतरावांनी घरी सविस्तर सांगितली. मनकर्णाबाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि त्या ताटाला म्हणाल्या, “ताक उरलं.” भगवंतराव बोलता बोलता ते प्यायले. वाटी अर्धी झाल्यावर ते थांबले आणि भिंतीकडे पाहत राहिले. मग उरलेलेही प्यायले.

वाचकांनी यातून काही घ्यावे, असा आमचा आग्रह नाही. कोणाला काही करायला सांगण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिलेला नाही. केवळ नोंद म्हणून लिहून ठेवतो, की हे वाचताना तुमच्या पाठीला बाक आला आहे.

बसलात ना सरळ? आम्ही तर काहीच म्हटले नव्हते.